समोरच्या वहिनी आणि चीनच्या सरदारीणबाई

जिवंत माणसांचा एकही सल्ला न ऐकता, निव्वळ एका मेलेल्या बाईच्या भरवशावर संसार तडीला नेणारी बाई अख्ख्या जगात एकच असेल, आणि ती नेमकी आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. मेलेली बाई म्हणजे त्यांची आजी किंवा आजेसासू नव्हे. ती चीनमधल्या एका सरदाराची बायको, दोन हजार वर्षांपूर्वी वारलेली. तिचं नाव समोरच्या वहिनींना धड उच्चारता येत नाही आणि अर्धंमुर्धं उच्चारून थोरामोठ्यांचा अपमान करायचा नाही, म्हणून त्या तिला ‘सरदारीणबाई’ म्हणतात. बघता बघता शारजाच्या अल मजाजमधली आमची सगळी बिल्डिंग तिला सरदारीणबाई म्हणायला लागली. लिफ्टमध्ये भेटणारी सातव्या मजल्यावरची केरळची बाईसुद्धा ‘हाऊ इज युवर सरदारीन?’ असं विचारते. माझ्या सासूबाई नागपूरहून येऊन आमच्याकडे तीन महिने राहून गेल्या, तेव्हा त्यांची कुणी एकदाही चौकशी केली नव्हती. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की या बाईच्या पोटात दुखतंय. दुखतंयच. गेली बारा वर्षं दुखतंय.

वहिनींच्या यजमानांचा नळ, शॉवर आणि बेसिनांचा धंदा आहे. माल चीनहून येतो, त्यामुळे त्यांच्या वरचेवर तिकडे खेपा असतात. एका खेपेला वहिनी हट्टाने बरोबर गेल्या. नळांच्या कारखानदाराने पाहुण्यांचा मान म्हणून त्यांना आपल्या गावचं म्युझियम दाखवायला नेलं. यजमान पहिल्याच दालनात कंटाळून चहा शोधायला गेले. वहिनी मात्र एका काचेपाशी उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. काचेखाली सरदारीणबाई निजल्या होत्या. ‘अगं, मेलीय असं वाटतच नाही. दुपारची जेवून जरा कलंडलीय असं वाटतं. आणि डोक्यावर केस! माझे बघ, चाळिशीतच गेले.’ वीस पदरी रेशमात गुंडाळलेली, एकात एक बसवलेल्या पेट्यांमध्ये ठेवलेली, बाहेरून कोळशाचा आणि पांढऱ्या मातीचा थर. उकरून काढली तेव्हा सांधे वाकत होते आणि पोटात खरबुजाच्या बिया निघाल्या. म्हणजे खरबूज पोटात जाऊन जिरायच्या आत बाई गेली. ही गोष्ट वहिनींच्या काळजाला अशी काही भिडली की चहा पिऊन आलेल्या यजमानांना त्या काचेला हात लावून रडताना सापडल्या. ‘काय झालं?’ असं त्यांनी घाबरून विचारलं, तर म्हणाल्या, ‘काही नाही हो. आवडीचं खाऊन गेली बिचारी.’

शारजाला परतल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते कपाटात कोळसा भरण्याचं. इथे शेगडीवर मांस भाजणारी हॉटेलं गल्लोगल्ली, त्यामुळे कोळशाला तोटा नाही. वहिनी अख्खं पोतं घेऊन आल्या. लिफ्टच्या दारातच नातूर, म्हणजे आमच्या बिल्डिंगचा राखणदार, आडवा आला. ‘मॅडम, बालकनी में बार्बेक्यू अलाऊड नहीं है.’ ‘बार्बेक्यू नहीं भैया, साडियां हैं.’ ‘साडियां जलाएंगे?’ ‘जलाएंगे क्यूं? दो हजार साल रखेंगे.’ नातूर पेशावरचा, देवमाणूस. त्याने एकदा पोत्याकडे आणि एकदा वहिनींकडे पाहिलं आणि ‘इन्शाल्ला’, म्हणजे देवाची मर्जी, असं म्हणून बाजूला झाला. पुढे महिनाभरात वहिनींच्या मोतिया रंगाच्या पैठणीवर काळे ठिपके उठले. मी ते मुद्दाम दाखवले, अगदी काळजीच्या आवाजात. वहिनी हसून म्हणाल्या, ‘सुरुवातीला व्हायचंच असं.’ ती ठिपक्यांची पैठणी नेसून त्या दिवाळीच्या कार्यक्रमाला गेल्या, आणि तिथे निम्म्या बायकांनी ‘हे नवीन डिझाइन कुठे मिळालं?’ असं विचारलं. माझी खास येवल्याहून मागवलेली पैठणी त्या दिवशी कुणाच्या नजरेसही पडली नाही.

मग ताटं. सरदारीणबाईंच्या थडग्यात लाखेने रंगवलेली लाल-काळी ताटंवाट्या निघाली होती आणि त्यांच्या आतल्या बाजूला ‘जेवा’ अशा अर्थाची अक्षरं लिहिलेली होती. हे वहिनींना फारच पटलं. ‘लोक जेवायला बसतात तेव्हा मी किचनमध्ये पुऱ्या तळत असते. मग आग्रह कुणी करायचा? ताटाने करायचा.’ त्यांनी घरातल्या सगळ्या ताटांच्या तळाशी ‘अजून घ्या’ असं रंगाने लिहून काढलं. त्या महिन्याची भिशी त्यांच्याकडे होती. बायका श्रीखंड संपवत आल्या की खालून अक्षरं डोकं वर काढायची, आणि छापलेलं सगळं खरं मानायची आपल्याला सवय असल्यामुळे बायका निमूटपणे वाढून घ्यायच्या. तिसऱ्या वाढपानंतर एक डाएटवाली बाई चक्क ताटाला हात जोडून म्हणाली, ‘खलास हबीबी, आता नको!’ सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. मी इतकी वर्षं पातेलं कडेवर घेतल्यासारखं धरून, कंबर मोडेपर्यंत पानापानाशी वाकून आग्रह केला, त्याचा किस्सा कधी कुणी कुणाला सांगितला नाही.

वहिनींचं कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हा मला वाटलं, आता तरी सरदारीणबाई गप्प बसतील. मीच त्यांना क्लिनिकमध्ये घेऊन गेले. डॉक्टर कोवळा मल्याळी मुलगा होता. तो म्हणाला, ‘मॅडम, नो फ्राइड फूड, नो स्वीट्स.’ वहिनी पदर सावरून पुढे सरकल्या. ‘डॉक्टर, एक लेडी थी. उसका हार्ट ब्लॉक था, स्टोन था, शायद शुगर भी था.’ ‘युवर रिलेटिव्ह, मॅडम?’ ‘रिलेटिव्ह ही समझो.’ डॉक्टरने ‘फॅमिली हिस्टरी’ असं पुटपुटत ते सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि सहानुभूतीने विचारलं, ‘हाऊ इज शी नाऊ?’ वहिनी म्हणाल्या, ‘एकदम फर्स्ट क्लास. बाल भी नहीं गये.’ बाहेर आल्यावर त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन खरबुजं घेतली आणि एक माझ्या हातात दिलं. आमचे पथ्य पाळणारे लोक आयुष्यभर दुधी खाऊन सुद्धा अशा थाटात दवाखान्यातून बाहेर पडत नाहीत.

तुम्ही म्हणाल, एका विक्षिप्त बाईचा एवढा काय तो हेवा? तर ऐका. त्या समोर राहायला येण्यापूर्वी आमच्या मजल्यावर माझा शब्द चालायचा. मी शाळेत मुलांना मराठी आणि हिंदी शिकवायचे. पुरणपोळीला कणीक किती सैल हवी इथपासून मुलाला कुठल्या कॉलेजात घालावं इथपर्यंत लोक मला विचारायचे. मी विचार करून, दोन्ही बाजू मांडून उत्तर द्यायचे. वहिनी आल्या आणि लोकांना कळलं की दोन्ही बाजू ऐकण्यापेक्षा सरदारीणबाईंचं ऐकणं सोपं असतं. आमचे हे तर घरभेदीच निघाले. दुबईच्या पार पलीकडच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसातून दोन तास ट्रॅफिकमध्ये तुंबून आलेला माणूस एरवी ‘यल्ला, वाढ लवकर’ यापलीकडे तोंड उघडायचा नाही, तो बूट काढता काढता विचारायला लागला, ‘आज काय म्हणाली वहिनींची चिनी?’ पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

पण हे सगळं मी गिळलं असतं. नवऱ्याचं काय, तो कुणाच्याही गोष्टी ऐकतो. मला झोंबलं ते मुक्ताचं. मुक्ता माझी एकुलती एक लेक, वहिनी आल्या तेव्हा चौदा वर्षांची. इथे वाढलेल्या सगळ्या मुलांसारखी ती माझ्याशी इंग्रजीत बोलते. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. शाळेतून आली की दप्तर इथे आणि पोरगी तिथे. मी वह्या तपासत बसलेली असायचे आणि समोरच्या दारातून दोघींचं हसणं ऐकू यायचं. एकदा वाटी परत करायच्या निमित्ताने गेले तर मुक्ता वहिनींच्या पलंगावर लोळत सांगत होती, ‘काकू, मग ना, मला इतका राग आला, इतका राग आला की मी सरळ उठून निघूनच आले.’ अस्खलित मराठीत! तेही ‘सरळ उठून’ वगैरे. अख्ख्या शारजातल्या पोरांना मराठी शिकवणारी मी दारात वाटी धरून उभी, आणि माझी लेक तिच्या मनातला राग दुसऱ्याच बाईला मराठीतून सांगत होती. मी वाटी ठेवून घरी आले. दुसऱ्याने मळलेल्या आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. वहिनींचे स्वतःचे दोन मुलगे कॅनडात आहेत. त्यांना वहिनींनी काहीही पाठवलं की ते अंगठ्याचं चित्र पाठवतात. हे आठवून मी स्वतःला जरा समजवायचे. मग पुन्हा समोरून हसणं ऐकू यायचं.

गेल्या वर्षी मुक्ताचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, आईवडिलांबरोबर सिलिकॉन ओएसिसमध्ये राहणारा. मूळचे पुण्याचे, चांगले लोक. कार्य शारजाच्या पुढच्या उम्म अल कुवैनला, खाडीकाठच्या एका हॉटेलात करायचं ठरलं. मला बाकी कशाचीच हौस नव्हती. दागिने, मेंदी, स्टेज, ज्याला जे करायचं ते करू दे. मला फक्त रुखवत मांडायचं होतं. माझ्या आईने माझं रुखवत स्वतःच्या हाताने केलं होतं, आणि मुक्ता जन्मली तेव्हापासून मी तिचं करत होते. क्रोशाचा टेबलक्लॉथ, मोत्यांचं तोरण, खारकांवर कोरलेली फुलं, काचेच्या बरणीत घालायची साखरेची सप्तपदी. लेकीला काय देऊन पाठवलं हे चार लोकांनी बघायचं, ते आईच्या हातचं असायला हवं, एवढीच माझी इच्छा. तर एका संध्याकाळी जेवता जेवता मुक्ता म्हणाली, ‘आई, काकू इज डूइंग द रुखवत. आय ऑलरेडी आस्क्ड हर. शी हॅज अ थीम!’ माझा घास हातातच राहिला. थीम कुठली असणार हे विचारायची गरजच नव्हती.

दोन महिने समोरच्या फ्लॅटमध्ये कारखाना चालला होता. लाल-काळ्या रंगाने रंगवलेल्या वाट्या, लाकडाच्या नाचणाऱ्या बाहुल्या, बासरीवाल्या बाहुल्या, फण्यांची पेटी, बांबूच्या इवल्याशा करंड्यांत लाडू, वड्या, पापड. सरदारीणबाईंबरोबर जे जे निघालं त्या सगळ्याची मराठी आवृत्ती. मी एकदा राहवेना म्हणून विचारलंच, ‘वहिनी, पण हे सगळं थडग्यातलं ना हो?’ त्यांनी ब्रश थांबवला. ‘अगं, थडगं कसलं? पाठवणी ती! तिला काय आवडतं ते कुणीतरी आठवून आठवून बांधून दिलं होतं. रुखवत म्हणजे तरी दुसरं काय?’ मग एकदम हळू आवाजात सांगायला लागल्या. त्या थडग्यात एक भांडं होतं, झाकण उघडलं तर आत पाण्यात कमळकाकडीच्या चकत्या तरंगत होत्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या, जशाच्या तशा. भांडं उचलून न्यायला लागले तर चकत्या विरघळून गेल्या म्हणे, नुसतं पाणी राहिलं. ‘जागेवर होत्या तोवर टिकल्या बघ,’ वहिनी म्हणाल्या, ‘म्हणून आपल्या पोरीचं सगळं हलक्या हाताने करायचं.’ त्यातला ‘आपल्या’ हा शब्द मला खटकला. बाजूला बसलेली मुक्ता म्हणाली, ‘आई, डोन्ट बी जेलस.’ मी घरी आले आणि माझं सगळं रुखवत जुन्या चादरींत बांधायला घेतलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी ती बोचकी मी गाडीच्या डिकीत ठेवली. आमच्या ह्यांनी विचारलं, ‘हे कशाला?’ म्हटलं, ‘असू दे. वेळ काही सांगून येते का?’ खरं तर वेळ यावी अशीच माझी इच्छा होती. हॉलच्या एका भिंतीला लांबलचक टेबलांवर वहिनींनी रुखवत मांडलं होतं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांचं पारणं फिटावं असं होतं. बायका फोटो काढत होत्या. वहिनी ठिपक्यांच्या पैठणीत उभ्या राहून प्रत्येकीला सरदारीणबाईंची कथा पहिल्यापासून सांगत होत्या. मग त्यांनी मागच्या भिंतीवर एक रेशमी पट उलगडला. सरदारीणबाईंच्या पेटीवर असा एक चितारलेला पट घातलेला होता, त्याची ही नक्कल. मधोमध सरदारीणबाईंच्या जागी मुक्ता, नऊवारी नेसलेली, खांद्याला लॅपटॉपची बॅग. मूळ चित्रात बाईंच्या मागे दासी उभ्या आहेत म्हणे. त्या जागी वहिनींनी आम्हा दोघींना काढलं होतं. स्वतःला त्यांनी बरंच बारीक काढलं होतं, मला मात्र जशी आहे तशी. वर एका कोपऱ्यात चंद्र, दुसऱ्या कोपऱ्यात लालबुंद सूर्य, आणि सूर्याच्या पोटात एक भलामोठा, काळाकुट्ट, टपोऱ्या डोळ्यांचा कावळा.

नवऱ्या मुलाची आत्या पुण्याहून आली होती. तिने चष्मा लावला, दोन पावलं पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, ‘हा कावळा आहे?’ फोटो काढणाऱ्या बायका वळून पाहायला लागल्या. ‘लग्नाच्या मांडवात कावळा? दहाव्याला बोलावतात तो?’ आमचे हे माझ्या कानाशी आले आणि कुजबुजले, ‘काढू का डिकीतलं?’ बारा वर्षं ज्या क्षणाची मी वाट पाहत होते तो क्षण आयता पुढ्यात येऊन उभा होता. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. कावळ्याला आपल्याकडे काय मानतात हे या बाईच्या दोन महिन्यांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं, आणि ते आता, सगळ्यांच्या देखत येत होतं. त्यांच्या पाठीशी मुक्ता शालू नेसून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. मला त्या आत्याबाईंचा असा काही राग आला! समोरच्या वहिनींना नावं ठेवायचा हक्क माझा. तो मी बारा वर्षं रोज जळून मिळवला होता. पुण्याहून चार दिवसांसाठी आलेल्या बाईने तो असा उचलून न्यायचा?

‘कावळा कुठला, आत्याबाई,’ मी पुढे होऊन म्हटलं, ‘कोकिळ आहे तो. नर काळाच असतो. शुभ असतो एकदम.’ आत्याबाई जरा विचारात पडल्या. बहुतेक सगळं निभावून गेलं असतं, पण सरदारीणबाईंविषयी खोटं ऐकून घेणं वहिनींच्या रक्तातच नाही. ‘कोकिळ कसा असेल अगं?’ त्या कळवळून म्हणाल्या, ‘सूर्यात कावळाच असतो. मूळच्या पटात कावळाच आहे. तिच्या शवपेटीवर घातला होता ना तो!’ शवपेटी हा शब्द हॉलभर गेला. स्पीकरवरची सनई तेवढी आपली वाजत राहिली. आत्याबाई मागे सरकल्या आणि म्हणाल्या, ‘हे सगळं आत्ताच्या आत्ता उचला.’

तेवढ्यात विहीणबाई आल्या. मुलाची आई, बारीक चणीची, हळू बोलणारी बाई. तोवर मी त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी पट वरपासून खालपर्यंत नीट पाहिला, कावळ्यापाशी जरा जास्त वेळ थांबल्या आणि नणंदेला म्हणाल्या, ‘वन्सं, कावळा शिवला म्हणजे इच्छा पुरी झाली असंच मानतो ना आपण? मग हा तर न बोलावता आधीच येऊन बसलाय. म्हणजे आमच्या घरात कुणाची कसली इच्छा अपुरी राहायची नाही.’ एवढं बोलून त्यांनी करंडीतला एक लाडू काढला, अर्धा नणंदेच्या तोंडात घातला आणि अर्धा मुक्ताच्या. मुक्ता खळखळून हसली. मग सगळाच हॉल हसला. वहिनी तर विहीणबाईंच्या गळ्यातच पडल्या. मला हायसं वाटलं, आणि लगेच वाटलं, हे मला का नाही सुचलं? कोकिळ काय सांगत बसले मी! इतकं मोलाचं वाक्य, माझ्या लेकीच्या लग्नात, आणि ते बोलून गेली दुसरीच.

निघायची वेळ झाली. वहिनींचं रुखवत मुलाकडच्या दोन गाड्यांत भरलं जात होतं आणि विहीणबाई पटाची गुंडाळी स्वतःच्या हाताने धरून उभ्या होत्या. मी एका बाजूला उभी होते. मुक्ता शालू उचलून धरत माझ्याकडे आली. रडायच्या तयारीत मी पदर तोंडाशी नेला, तर ती म्हणाली, ‘आई, तुझं डिकीत आहे ना? बाबांनी सांगितलं.’ मी पदर खाली केला. ‘ते माझ्या बॅगेत घाल. काकूंचं सगळ्यांनी बघायचं म्हणून केलं होतं. तुझं मी माझ्याजवळ ठेवणार आहे, कुणाला नाही दाखवणार.’ हे सगळं ती मराठीत बोलली, एकही इंग्रजी शब्द न घालता. बॅग आणि डिकी म्हणाली तेवढेच. मी डिकी उघडून बोचकी तिच्या हवाली केली आणि मग मला जे रडू आलं ते शारजा येईपर्यंत थांबलं नाही. शेजारच्या सीटवर वहिनीही रडत होत्या. गाडी चालवणाऱ्या आमच्या ह्यांनी दोघींना मिळून टिश्यूचा एकच डबा दिला आणि आम्ही तो ओढाताण करत वापरला.

सिलिकॉन ओएसिस काही सातासमुद्रापार नाही. पण मध्ये ट्रॅफिक आहे, आणि मुक्ताचं ‘आई, नेक्स्ट वीक, इन्शाल्ला’ आहे. इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा, त्या इन्शाल्लाचा अर्थ काय असतो. परवा रविवारी दुपारी मी समोर चहाला गेले होते. दोघींच्या फोनवर एकदमच फोटो आला. मुक्ता त्यांच्या घरी जमिनीवर पाय पसरून बसलेली, मागे सोफ्यावर तिच्या सासूबाई, आणि त्या तिच्या डोक्याला तेल लावताहेत. मुक्ताने डोळे मिटलेले. तेलाची वाटी घेऊन मी पंधरा वर्षं या पोरीच्या मागे धावले, ‘ई, स्टिकी!’ म्हणून तिने मला कधी हात लावू दिला नाही. वहिनींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. ‘तेल कुठलं आहे गं?’ ‘खोबरेल दिसतंय.’ ‘मी तिला बदामाचं म्हणून म्हणून थकले.’ ‘डोळे बघा कशी मिटून बसलीय.’ ‘हो ना.’ आम्ही दोघींनी एकदमच उसासा टाकला. बारा वर्षांत पहिल्यांदा आम्हाला एकाच वेळी एकाच बाईचा हेवा वाटत होता, आणि खरं सांगते, हेव्यालाही सोबत असली की तो जरा कमी बोचतो.

चहा निवत चालला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ‘वहिनी, तुमच्या सरदारीणबाईंना मुलगी होती का हो?’ असं काही विचारलं की एरवी त्यांचा रेडिओ चालू होतो. त्या दिवशी मात्र त्यांनी फोन पालथा ठेवला आणि खिडकीबाहेरच्या तळ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘नवरा आहे तिथेच, बाजूच्या थडग्यात. मुलगा आहे म्हणतात, तोही शेजारीच. मुलीचं कुठे काही लिहिलेलं नाही.’ आणि माझ्याकडे न बघता, ‘असलीच, तर तिच्या सासरच्या गावी असेल गं.’

मी कप खाली ठेवला. त्यांनी पुन्हा फोन उचलला आणि तोच फोटो उघडला. मी सरकून त्यांच्याजवळ बसले. मग आम्ही दोघींनी तो जरा आणखी मोठा करून पाहिला.